वर्षाची वॉरंटी पुरे

नशिराबाद (जि. जळगाव)
२ डिसेंबर २०२४

अमृतभाऊंना,

वहिनीचा जय भीम. प्रमिलाबाईंनाही सांगा. प्रशीलला आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून चमकला असाल. मलाही पत्र लिहिण्याची सवय उरलेली नाही, दोन कागद फाडून झाले. आम्ही ठीक आहोत. थंडी चांगली पडली आहे. गल्लीत कोणाकडे ना कोणाकडे रोज भरिताची वांगी भाजतात आणि कपाशीच्या काड्यांचा धूर थेट आमच्या ओट्यावर येतो. आम्ही यंदा भरीत केलं नाही. आमची शिल्पा दिवाळीला सुरतहून माहेरी येऊन गेली. तिची नणंद आता तिच्याजवळच राहते, त्याचं गाऱ्हाणं तिने चार दिवस पुरवून पुरवून सांगितलं. बाकी विशेष नाही.

फोन का केला नाही, असं विचाराल. आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत बोललेलं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं आणि तुमच्या भावाचे कान अजून ससाण्यासारखे आहेत. शिवाय माझा नंबर बघून तुम्ही उचलला असता की नाही, कोण जाणे. रागावू नका, खरं तेच लिहिते.

काम तुमच्या धंद्यातलं आहे. टॅबलेट घ्यावा की घेऊ नये, हे विचारायचं आहे. मोबाईलहून मोठा, पाटीएवढा असतो तो. तुम्ही रेडिओ-टेप दुरुस्त करायचात तेव्हापासून आपल्या घरात कोणतीही वायरची वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय आली नाही. मधली वर्षं सोडा.

झालंय असं, की ह्यांचा आवाज जरा बसला आहे. उन्हाळ्यापासूनच. भुसावळला एका लग्नात वंदना घ्यायला गेले होते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला जीभ अडखळली. दारू पिऊ नये म्हणून जन्मभर लोकांच्या पाठी लागलेला माणूस, आणि मांडवात मागच्या बाया एकमेकींना म्हणाल्या, "रुपचंदभाऊ पीसन उनात वाटतं." ते ह्यांनी ऐकलं. कान, म्हटलं ना. घरी आल्यावर पांढरा सदरा घडी करून पेटीत ठेवला, आणि त्यानंतर कोणाकडे वंदनेला गेले नाहीत.

मग डॉक्टर झाले. इथले झाले, जळगावचे झाले, नाशिकचेही झाले. घशाचं काही नाही, नसांचं आहे म्हणतात. आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मी लिहीत नाही. आता ह्यांचं बोललेलं कळत नाही. मला थोडं कळतं, शिल्पाला कळत नाही, म्हणून ती रडते. पाटीवर लिहून दाखवायचे, पण उजव्या हातातून पेन्सिल सुटायला लागली आहे. बोट मात्र चालतं. जळगावला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्या म्हणाल्या, टॅबलेट घ्या, त्यात चित्रं असतात. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो.

शिल्पा म्हणते, नवा घ्या, चांगल्यातला घ्या, पैसे मी देते. त्यामुळे पैशाचं कोडं नाही. मी एकटीच जळगावला दुकानात गेले. तिथली मुलगी मोठी गोड बोलत होती. म्हणाली, "काकू, हा घ्या, पाच वर्षं बघायला नको. आणि वरती दोन वर्षांची जास्तीची वॉरंटी टाकून देते." मी म्हटलं, "वर्षाची पुरे." ती म्हणाली, "अहो, दोन वर्षांनी बिघडला तर?" मी छत्री उचलली आणि बाहेर आले. डिसेंबरात छत्री कशाला नेली होती, तेही आठवत नाही.

तर तुम्ही सांगा. एखादा जुना, वापरलेला, दुरुस्त केलेला तुमच्याकडे असला तर तोही चालेल. फार वर्षं टिकायला नको. काय लिहिते आहे ते तुम्हाला कळलं असेल. यापेक्षा उघड लिहायला माझा हात धजत नाही.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिलं आहे. उत्तर पाठवाल ते माझ्या नावाने पाठवा.

तुमची वहिनी,
कुंदा

* * *

नशिराबाद
२९ डिसेंबर २०२४

अमृतभाऊ,

जय भीम. टॅबलेट मिळाला. धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरने फाट्यावर हातात दिला. खोक्याला तुम्ही आतून बाहेरून इतकी चिकटपट्टी लावली होती की उघडायला विळी घ्यावी लागली. वस्तू चांगली आहे. जुनी असं सांगितल्याशिवाय कळत नाही. सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी खोकं दोनदा झटकलं. नव्हती. बरं, नसू दे.

ह्यांना सांगावंच लागलं. मी म्हटलं, अमृतभाऊंनी पाठवलाय. ह्यांनी टॅबलेट उलटा केला, सुलटा केला, मागचे स्क्रू बघितले आणि तुम्ही बसवलेल्या काचेवरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून घेतले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आता गंमत ऐका. मॅडमनी त्यात ती चित्रं घालून दिली. ह्यांनी पहिल्यांदा पाण्याच्या चित्राला बोट लावलं, तर आतून एक बाई बोलली, "मला तहान लागली आहे. कृपया मला पाणी द्या." अगदी घोटीव, पुण्याकडची. मी पाणी द्यायचं विसरले आणि पदर सारखा केला. वाटलं, घरात कोणी बाहेरचं माणूस आलंय. ह्यांनी दुसऱ्या चित्राला बोट लावलं, तर बाई म्हणते, "मला अस्वस्थ वाटत आहे." पाटबंधारे खात्यात जन्मभर शुद्ध मराठीत टिपणं लिहिली ह्यांनी, पण घराच्या आत चप्पल काढली की ती भाषाही बाहेर ठेवायचे. शेवटी कसंबसं पाटीवर लिहिलं, "हाई कोन बाई?" मी हसले. तेही हसले, पण आता हसताना त्यांना ठसका लागतो.

त्यानंतर टॅबलेटला हात लावेनात. मी मॅडमना सांगितलं, ही बाई आमच्या घरात चालायची नाही. त्या म्हणाल्या, आवाज बदलता येतो, घरच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून प्रत्येक चित्रात बसवता येतो. पेशंटचा स्वतःचा असला तर उत्तम. तो तर गेला. मग त्यांनी विचारलं, "ह्यांच्यासारखा आवाज आहे का कोणाचा?"

आहे की. तुम्हाला आठवत असेल, मी लग्न होऊन आले त्या वर्षी शेजारच्या दुकानातल्या फोनवर मी ह्यांना समजून तुम्हाला पोटभर झापलं होतं, पगाराच्या दिवशी भाजी न आणता आलात म्हणून. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणालात, "वहिनी, मी अमरुत शे." शिंदखेड्याच्या घरी मायलासुद्धा अंधारात हाक मारली तर तुमच्यातला कोण आलाय ते ओळखू यायचं नाही.

म्हणून विनंती करते. थोडीच वाक्यं आहेत, आपल्या बोलीतली. प्रशीलला सांगा, तो मोबाईलवर रेकॉर्ड करून मॅडमना पाठवेल, त्यांचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. माले पानी दे. पाठ दुखस. पंखा बंद कर. माले उठाडी बसाड. कोन उनं? बस, आते नको. आणि ह्यांनी स्वतः सांगितलेलं एक, तू जेवनी का? हे तुमच्या तोंडून मला ऐकायचं म्हणजे जरा अवघडच, पण माझ्या जेवणाची चौकशी एवढ्या वर्षांत ह्यांनी कधी चुकवली नाही, तर आताच का चुकवावी?

आणखी एक राहिलं.

अमरुतले बलाव.

हे मी घातलेलं नाही. ते पाटीवर ह्यांनीच लिहिलं, अर्धा दिवस घालवून. अक्षरं अशी वेडीवाकडी, की मी आधी "आमटी" वाचलं. ह्यांनी पुन्हा पुसून लिहिलं.

माय गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे झालं ते मी उगाळत बसत नाही. तुम्ही मायच्या नावाने मरीआईला लुगडं आणि नारळ दिला आणि ह्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तुमची लाज काढली. तुम्ही एवढंच म्हणालात, "मायनी सांगं, मी करं." खरं सांगते, मायने मलाही सांगितलं होतं. मी केलं नाही, कारण मला ह्यांच्यासोबत राहायचं होतं. तुम्ही केलंत. जेवढं बोलायला नको होतं तेवढं हे बोलले, आणि तुम्ही ओट्यावरून उतरताना म्हणालात, "जवय तू सोता बलावशी, तवयच तुना दारमा येसू." मंडपातल्या सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून दोघेही त्या एका वाक्याला धरून बसलात.

आता ह्यांना बोलावता येत नाही, भाऊ. जीभच नाही. बोट आहे. तुम्ही ते वाक्य दिलंत तर ते बोट ठेवतील. तेच त्यांचं बोलावणं समजा.

लवकर पाठवा. "लवकर" हा शब्द मी उगाच लिहीत नाही. पोटातून नळी घातली आहे, तोंडाने काही जात नाही. मी भाकरी स्वयंपाकघरात, दाराआड बसून खाते.

वहिनी

* * *

नशिराबाद
२३ फेब्रुवारी २०२५

अमृतभाऊ,

जय भीम.

सांत्वनाला येणारी माणसं आता कमी झाली. शिल्पाही परवा गेली. घर झाडलं, ह्यांचं अंथरूण उन्हात टाकलं, औषधं दवाखान्यात परत दिली. हातात काम उरलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. मला तुमचा राग आलेला आहे, तो आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. धुळ्याहून इथे यायला गाडीत बसावं लागतं, दुसरं काही करावं लागत नाही.

प्रशीलने पाठवलेले आवाज मॅडमनी एकेका चित्रात बसवले. त्या दिवशी त्या घरी आल्या होत्या. ह्यांनी पाण्याच्या चित्राला बोट लावलं आणि घरात ह्यांचा आवाज आला. "माले पानी दे." मी भिंतीला टेकले. कितीतरी महिन्यांनी तो आवाज त्या खोलीत घुमला होता. तुमचा होता, माहीत असूनही मला तो तुमचा वाटला नाही. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात उचलेना, मी पुसलं.

मग एकेक करत सगळी चित्रं झाली. शेवटी तुमचा फोटो. मायच्या शेजारी उभे आहात तो, ह्यांनीच निवडलेला. त्याला बोट लावलं. आवाज आला नाही. पुन्हा लावलं. मॅडमनी टॅबलेट बंद करून चालू केला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "ह्याचा आवाज आलाच नाही पाठवलेल्यात." त्यांची काही चूक नाही, त्यांना काय माहीत?

ह्यांनी बोट काढून घेतलं. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी तिथल्या तिथे तुम्हाला फोन लावायला घेतला, तर ह्यांनी मान हलवली, नको. मी ऐकलं. आयुष्यभर ऐकत आले, तसं त्या वेळीही ऐकलं. ऐकायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून "माले पानी दे" सुरू झालं. सकाळी, दुपारी, घडीघडी. पाणी तर तोंडाने जात नव्हतं. मी ओला कापूस घेऊन धावायची आणि ओठांना लावायची, तर हे ओठ मिटून घ्यायचे. मी वळले की पुन्हा, "माले पानी दे." पाठ दुखस म्हणून पाठ चोळायला गेले की मान हलवायचे. मी वैतागले. दिवसभर माणूस बोलावतो आणि गेलं की काही नको. एकदा तर मी ओरडलेही. आजारी माणसावर ओरडले, हेही लिहून ठेवते.

मग एका दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि आतून आवाज आला, "पंखा बंद कर." मी पिठाचे हात घेऊन गेले. वर बघितलं. पंखा बंदच होता. थंडीत कोण पंखा लावतं? ह्यांच्याकडे बघितलं, तर हे उशीवरच्या टॅबलेटला कान लावून पडले होते. पुन्हा बोट लावलं. "पंखा बंद कर." चेहरा असा शांत होता, की मी परत पीठ मळायला आले.

त्यांना पंखा नको होता आणि पाणीही नको होतं. त्यांना तुम्हाला ऐकायचं होतं. तुम्ही ते एक वाक्य दिलं नाहीत, तर त्यांनी उरलेल्या वाक्यांवर भागवलं.

शेवटपर्यंत तेच चाललं. शेवटच्या आठवड्यात बोटही हलेना, तर मी त्यांचं बोट धरून चित्रावर ठेवायची. कोणतं हवंय ते डोळ्यांनी सांगायचे. तुमच्या फोटोकडे डोळे गेले नाहीत.

तुम्ही आलात. मी बघितलं. निळा शर्ट होता. ओट्याच्या खाली, रस्त्यावर उभे होतात. शिल्पा तुम्हाला हाताला धरून आत घ्यायला आली, तर तुम्ही मान खाली घातलीत. भावाला घरातून बाहेर आणल्यावर खांदा दिलात, वंदनेला हात जोडलेत, आणि सगळं आटोपल्यावर तिथूनच गाडीला गेलात. आतमध्ये पाऊल टाकलं नाहीत. बाया मला म्हणाल्या, बघा, मेल्यावरही राग गेला नाही. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, तुम्हाला काय माहीत.

कारण प्रशीलने मला सांगितलं होतं. स्मशानातून तो तुमच्यासोबत न जाता घरी आला आणि ओट्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मोठी आई, बाबांनी बाकी सगळं एका दमात बोलून दिलं. तेवढं एकच वाक्य रोज बोलायचे आणि रोज मला पुसायला लावायचे." त्याने विचारलं तर तुम्ही म्हणालात म्हणे, "हाई भाऊनं नही, वहिनीनं लिखेल शे. भाऊ माले कधी बलावाव नही. आन् मीच मना तोंडघाई मालेच कसा बलावू?"

मी ते वाक्य घातलं नव्हतं, अमृतभाऊ. तुमच्या मायची शपथ घेते, ह्यांना शपथ आवडत नसे तरी घेते. ते ह्यांनी लिहिलं होतं. तुम्ही तिकडे बोलावण्याची वाट बघत बसलात, ह्यांनी इकडे ते पाठवलेलं होतं, आणि ते तुमच्याच गळ्यात अडकलं होतं. तुम्हाला कळलं नाही. ह्यांनाही कळलं नाही. ह्यांना वाटलं, अमृतने नाही म्हटलं. हे असं वाटून घेऊनच ते गेले, आणि हे मला आता कोणालाच सांगून बदलता येत नाही. त्याने माझ्या जिवाची जी आग होते ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण दुसरं सांगण्यासारखं माणूस मला नाही.

मॅडमचा फोन आला होता. पिंपळनेरकडचा एक माणूस आहे, असाच आजार. टॅबलेट त्याला द्याल का, विचारत होत्या. देणार आहे. वस्तू चांगली आहे, चालू आहे, कपाटात ठेवून काय करायचं? पण त्यात आधी त्याच्या घरच्यांचा आवाज घालावा लागेल, म्हणजे आतला पुसावा लागेल. मॅडम म्हणतात, मीच पुसते. मी नाही म्हटलं. ह्या घरात बोलल्या गेलेल्या शब्दांना परक्याचा हात लावू द्यायचा नाही मला, आणि माझा स्वतःचा उचलत नाही.

ते काम तुमचं आहे. तुम्ही या, इथे ह्यांच्या खाटेवर बसा, एकदा सगळं ऐका आणि मग पुसा. मला बाहेर जायला सांगितलंत तर मी जाईन, थांबायला सांगितलंत तर थांबेन.

तुम्ही भावाच्या बोलावण्याची अट घातली होती. तो आता बोलावणार नाही, कधीच नाही. घरात मी आहे. म्हणून माझ्याच तोंडाने सांगते आणि आपल्या बोलीत सांगते, म्हणजे कोणी घातलंय अशी शंका राहायची नाही. अमरुतभाऊ, घर या. मी बलावस.

आणि यायचं तर आत यायचं. रस्त्यावर उभ्या माणसाला मी चहा देत नाही.

अजूनही तुमची वहिनी,
कुंदा